'द शॉप वॉज क्लोज्ड' यातलं क्लोज्ड विशेषण की पॅसिव्ह? आणि पुढे बिकॉज आलं तर?

अभ्यासिका_सदाशिव
नमस्कार मंडळी, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावलीय. काल क्लासमध्ये वाक्य आलं, 'द शॉप वॉज क्लोज्ड बिकॉज द ओनर वॉज इल'. सर म्हणाले हे पॅसिव्ह आहे, ॲक्टिव्ह करा, मग सगळ्यांनी 'समबडी क्लोज्ड द शॉप बिकॉज द ओनर वॉज इल' असं केलं आणि ते बरोबर धरलं. मला काही ते पटेना. कोणी येऊन दुकान बंद केलं असं मूळ वाक्यात कुठे आहे, नुसतं 'दुकान बंद होतं' एवढंच आहे ना, जसं 'ही वॉज टायर्ड' म्हणजे तो दमलेला होता. मग क्लोज्ड विशेषण का नाही? उत्तर मिळालं की वॉज आणि तिसरं रूप आलं की पॅसिव्ह.

दुसरं म्हणजे 'आजारी असल्यामुळे दुकान बंद होतं' याचं मी 'बिकॉज इल, द शॉप वॉज क्लोज्ड' असं केलं तर लाल रेघ. 'इफ नेसेसरी' चालतं, 'दो टायर्ड' चालतं, मग 'बिकॉज इल' ला काय झालं? दहावीपर्यंत मराठी मिडियम आहे माझं, त्यामुळे कानाला काय बरोबर वाटतं यावर जाता येत नाही, नियम कळला तर बरं होईल.

कोथरूड_डेपो
भावा व्हॉइसच्या प्रश्नात आलं असेल तर पॅसिव्ह धरून सोडव आणि पुढे जा, मार्क जाणार नाहीत. पण तुझी शंका रास्त आहे, मलाही कॉलेजात हेच वाटायचं. जाणकार लिहितीलच.

इंग्रजीवाल्या_काकू
बाळा, तुझं बरोबर आहे. मी तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलंय आणि 'वॉज अधिक तिसरं रूप म्हणजे पॅसिव्ह' हे सूत्र सुरुवातीची काही वर्षं मीही फळ्यावर लिहीत होते, नंतर बंद केलं कारण त्याने मुलं अडकतात.

तिसरं रूप दोन कामं करतं. एक, घडलेली क्रिया सांगतं. दोन, त्या क्रियेनंतर उरलेली अवस्था सांगतं, आणि तेव्हा ते विशेषणच असतं. मराठीत आपण हे वेगळं बोलतो म्हणून आपल्याला लगेच जाणवतं, 'दुकान बंद केलं' किंवा 'बंद करण्यात आलं' ही क्रिया आणि 'दुकान बंद होतं' ही अवस्था. इंग्रजीत दोन्हीला 'वॉज क्लोज्ड'. गंमत म्हणजे उघडण्याच्या बाबतीत इंग्रजीतही दोन शब्द आहेत, 'द शॉप वॉज ओपन' म्हणजे उघडं होतं आणि 'द शॉप वॉज ओपन्ड' म्हणजे उघडलं गेलं. बंद करण्याला तशी सोय नाही, कारण 'क्लोज' हे विशेषण 'जवळचा' या अर्थाने आधीच अडकलेलं आहे. म्हणून सगळा भार क्लोज्डवर येतो. (आपल्याकडे पाट्यांवर 'शॉप इज ओपन्ड' दिसतं ते यातूनच, क्लोज्डला डी आहे म्हणून ओपनलाही लावतात.)

ओळखायचं कसं, तर वाक्यात थोडं घालून बघायचं. पेठेतली दुकानं दुपारी एक ते चार बंद, हे घे: 'द शॉप वॉज क्लोज्ड फ्रॉम वन टू फोर'. इथे तीन तास कोणी शटर ओढत बसलेलं नाही, म्हणजे अवस्था. 'द शॉप वॉज क्लोज्ड बाय द पोलीस ॲट टेन', इथे करणारा आला, ठरावीक क्षण आला, म्हणजे खरं पॅसिव्ह. 'वॉज बीइंग क्लोज्ड' म्हटलंस तर ती क्रियाच, अवस्था नाहीच. टायर्ड, डिसअपॉइंटेड, वरीड अशा मनाच्या शब्दांना 'व्हेरी' लावता येतं, ते लागलं की बिनधास्त विशेषण म्हण. क्लोज्डला मात्र व्हेरी लावून बघू नकोस, दुकान कमी बंद किंवा जास्त बंद नसतं, त्यामुळे ती कसोटी तिथे काही सांगत नाही.

आता बिकॉज. मला यातलं सगळ्यात आवडणारं हे: 'द बाइक वॉज टोड बिकॉज इट वॉज पार्क्ड इन अ नो पार्किंग झोन'. गाडी उचलली, ही क्रिया, पॅसिव्ह. ती का उचलली याचं कारण उचलणाऱ्याच्या डोक्यात आहे, पोलीस वाक्यात दिसत नाहीत पण बिकॉजच्या मागचा विचार त्यांचा. आणि त्याच वाक्यात पुढे 'वॉज पार्क्ड' आहे ते विशेषण, गाडी तिथे उभी होती. आता याच्याशेजारी 'द बाइक वॉज डस्टी बिकॉज इट वॉज पार्क्ड अंडर द ब्रिज' ठेव. धूळ बसली यात कोणाचा निर्णय नाही, नुसतं कार्यकारण. म्हणजे पॅसिव्हपुढे बिकॉज आलं की बहुतेक वेळा 'कोणी तरी या कारणाने केलं', आणि विशेषणापुढे आलं की 'या कारणाने असं झालेलं होतं'. तुझ्या वाक्यात मालक आजारी, म्हणून दुकान बंद. उघडायलाच कोणी आलं नसेल! मग त्याचं 'समबडी क्लोज्ड' करून कर्ता आणायचा कुठून?

'बिकॉज इल' चं असं आहे की इफ, दो, व्हेन यांच्यापुढे 'इट इज', 'ही वॉज' वगैरे गाळून नुसतं विशेषण ठेवता येतं, बिकॉजपुढे प्रमाण इंग्रजीत येत नाही, त्याला पूर्ण वाक्य लागतं. शिवाय तुझ्या वाक्यात आजारी कोण? मराठीत 'आजारी असल्यामुळे' म्हटलं की मालक हे आपोआप कळतं. इंग्रजीत सुरुवातीचं सुटं विशेषण पुढच्या कर्त्याला चिकटतं, म्हणजे दुकानच आजारी पडलं. 'बीइंग इल, द शॉप वॉज क्लोज्ड' लिहिलंस तरी तीच चूक. पॅसिव्हमध्ये हे फार होतं कारण खरा माणूस वाक्यातून गेलेला असतो.

भाषांतर_रोजंदारी
काकूंनी छान सांगितलंय. नेटवर मात्र 'बिकॉज टायर्ड' सर्रास लिहितात, इतकं की अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ चा वर्षाचा शब्द म्हणून चक्क 'बिकॉज' निवडला होता, याच नव्या वापरासाठी. पेपरात लिहू नकोस इतकंच.

कामात मला रोज छळणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे नॉट. 'ही वॉज नॉट सिलेक्टेड बिकॉज ही वॉज पुअर' याचे दोन अर्थ होतात, गरीब होता म्हणून घेतलं नाही, किंवा घेतलं, पण गरीब होता म्हणून नव्हे. मराठीत नकार कुठे ठेवायचा ते आपल्याला ठरवावंच लागतं, इंग्रजीत तो वॉजपाशीच बसतो. असं वाक्य स्वतः लिहू नये, बिकॉजचा भाग आधी आणावा, म्हणजे दुसरा अर्थ उरत नाही.

दुसरी, 'द शॉप वॉज क्लोज्ड, बिकॉज द शटर वॉज डाउन'. शटर खाली होतं हे दुकान बंद असण्याचं कारण नाही, मला ते कशावरून कळलं त्याचा पुरावा आहे. मराठीत 'दुकान बंद होतं, कारण शटर खाली होतं' चालतं, पण 'शटर खाली असल्यामुळे दुकान बंद होतं' म्हटलं की कानाला खटकतं. म्हणून बिकॉज दिसलं की मी आधी मुळे लावून बघतो, बसलं तर खरं कारण, नाही बसलं तर पुरावा.

आणि व्हॉइस बदलताना एक जपायचं. 'द ओनर क्लोज्ड द शॉप बिकॉज ही वॉज इल' याचं पॅसिव्ह करताना बरेच जण 'बाय द ओनर' गाळतात आणि 'ही' तसाच ठेवतात. मग हा 'ही' कोण? मालक गाळलास तर त्याला बिकॉजनंतर नावाने आण.

अभ्यासिका_सदाशिव
काकू, दादा, खूप आभार, रात्री दोनदा वाचलं. स्वतः दोन वाक्यं केली, तपासाल का?
'भिडे ब्रिज वॉज सबमर्ज्ड बिकॉज वॉटर वॉज रिलीज्ड फ्रॉम खडकवासला.' सबमर्ज्ड विशेषण, रिलीज्ड पॅसिव्ह, बरोबर?
'मेनी हाउसेस वर डिस्ट्रॉइड इन १९६१ बिकॉज द पानशेत डॅम वॉज बर्स्ट.'

इंग्रजीवाल्या_काकू
पहिलं बरोबर. पूल पाण्याखाली होता ही अवस्था, पाणी सोडलं ती क्रिया आणि सोडणारं खातं वाक्यात नाही. रिलीज्डला 'वॉज बीइंग' लावून बघ, बसतंय. पाणी आधी सोडलं आणि मग पूल बुडाला, म्हणून 'हॅड बीन रिलीज्ड' जास्त चांगलं.

दुसऱ्यात वॉज काढ. धरण फुटलं, कोणी फोडलं नाही, त्याला पॅसिव्ह नाहीच. आपल्याकडेही फुटणं वेगळं आणि फोडणं वेगळं, इंग्रजीत दोन्हीला बर्स्ट, म्हणून तू फसलास. 'बिकॉज द पानशेत डॅम हॅड बर्स्ट' असं लिही. माझं माहेर नारायण पेठेतलं, १२ जुलैच्या त्या पाण्याच्या गोष्टी आईकडून ऐकत मोठी झाले, त्यामुळे हे वाक्य तुझ्याकडून अचूकच हवंय मला. आता हॅड घालून दोन्ही परत लिहून टाक इथे, मी संध्याकाळी बघते.