मदत हवी आहे: ॲक्टिव्हेशन होत नाही, पुस्तिका अडकली आहे

आबोली_फोंडा
तातडीने मदत हवी आहे. मी घरून डीटीपीची कामं घेते आणि पणजीतल्या एका प्रेसमध्ये जाऊन त्यांच्या मशीनवरही बसते. सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं आहे, बिल आहे. लायसन्स दोन मशीनचं. घरचं एक, प्रेसचं एक, म्हणजे दोनच झाली ना? तरी काल प्रेसमध्ये टाकलं तर 'मर्यादा संपली' म्हणतंय. डीलर म्हणतो सोमवारी बघू. देवस्थानची चवथीची (गणेशचतुर्थीची) पुस्तिका आहे, ६४ पानं, शनिवारी छपाईला जायची आहे. माहीत असेल त्याने लवकर सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

साकव
कोणतं सॉफ्टवेअर?

कुळागर
आणि विंडोज कोणतं? ओईएम की रिटेल? लोक इथेच फसतात. मशीनबरोबर येतं ते ओईएम विंडोज त्या मशीनच्या मदरबोर्डला बांधलेलं असतं, बोर्ड गेला की तेही गेलं. रिटेल घेतलं तर जुन्या मशीनवरून काढून नव्यावर टाकता येतं. फ्रीलान्सरने नेहमी रिटेलच घ्यावं. दुकानदार सांगत नाहीत, कारण ओईएम स्वस्त पडतं आणि गिऱ्हाईक खूश होतं.

आबोली_फोंडा
पानं लावायला इनडिझाइनवर काम करते, सगळे करतात तेच. विंडोजचा इथे काय संबंध? विंडोज व्यवस्थित चालू आहे.

साकव
ताई, इनडिझाइन असं अडत नाही. ते बनवणाऱ्या अडोबीचं वैयक्तिक सबस्क्रिप्शन कितीही मशीनवर इन्स्टॉल करता येतं, साइन इन एका वेळी दोनवर राहतं, आणि वापरायचं त्यातल्या एकावरच. तिसऱ्या मशीनवर गेलात तर तेच विचारतं की आधीच्या मशीनवरून साइन आउट करू का. हो म्हटलं की पुढे जातं. 'मर्यादा संपली' म्हणून दार लावून घेणारं हे दुसरंच काहीतरी आहे. स्क्रीनशॉट टाका.

आणि प्रेसमधून उठताना तुमच्या खात्यातून साइन आउट करून उठता ना? नाहीतर तुमच्या पैशांवर तिथला ऑपरेटर लग्नपत्रिका काढत बसेल.

आबोली_फोंडा
इनडिझाइन चालतंय हो! मराठीचं पॅकेज चालत नाही. टायपिंग आणि फॉन्ट ज्यात येतात ते. नाव इथे लिहीत नाही. डीलर आमच्याच वाड्यावरचा आहे, चवथीत आरतीला शेजारी उभा असतो.

जुना_कंपोझिटर
पहिल्याच पोस्टमध्ये मराठी पॅकेज लिहिलं असतंत तर एवढं पाल्हाळ लागलं नसतं. उत्तर एकच. डोंगलवालं घ्या, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची चावी असते ते. पेजमेकरच्या काळात डोंगल मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लागायचा आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीवर. पुढे यूएसबीचा आला. माझा अजून चाव्यांच्या जुडग्यात आहे. म्हापसा, डिचोली, मडगाव, कुठेही जा. सॉफ्टवेअर प्रत्येक प्रेसमध्ये टाकून ठेवलेलं, डोंगल लावला की उघडतं, काढला की बंद. इंटरनेट नको, डीलर नको, मर्यादा नको. ही ऑनलाइन ॲक्टिव्हेशनची थेरं नंतरची.

मडगावचा_बेस
पात्रांव, डोंगल हरवला की काय करायचं ते पण सांगा. किंवा कुणाचा पाय लागून पोर्टात वाकला तर. बहुतेक कंपन्या हरवलेल्या डोंगलला हरवलेलं लायसन्सच धरतात, नवीन विकत घ्या म्हणतात.

मी रेकॉर्डिंगचं काम करतो. क्युबेस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला वर्षानुवर्षं डोंगल लागायचा. २०२२ मध्ये बारावी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी तो काढून टाकला. आता खात्यात साइन इन करायचं, तीन मशीनवर चालतं. आयलॉक, म्हणजे प्लगइनची (जोड-सॉफ्टवेअरची) लायसन्स सांभाळणारी व्यवस्था, अजून आहे, पण तिथेही लायसन्स डोंगलवर ठेवायचं, मशीनवर ठेवायचं की क्लाउडवर, ते ज्या त्या प्लगइनवर अवलंबून. क्लाउडवर ठेवलं तर नेट सतत लागतं, आणि आमच्या स्टुडिओत पावसाळ्यात नेट म्हणजे पाहुणा.

खरं पोर्टेबल कुठलं म्हणाल तर रीपर, तेही रेकॉर्डिंगचंच. पेन ड्राइव्हवर इन्स्टॉल होतं, लायसन्सची फाइल त्यातच राहते. कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, तुमच्या सगळ्या सेटिंगसकट उघडतं. एका वेळी एकच मशीन वापरा एवढीच अट. सवलतीचं लायसन्स ६० डॉलर.

जुना_कंपोझिटर
गाण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल कुणी विचारलं?

मडगावचा_बेस
प्रिंटरच्या पोर्टबद्दल तरी कुणी विचारलं होतं?

झटपट
एवढी चर्चा कशाला. विकत घेतलंय ना? मग प्रेसच्या मशीनवर क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, टाका आणि शनिवार काढा. पैसे भरलेत, पाप नाही.

कलम_बहाद्दर
पापाचं देव बघेल, कायद्याचं मी सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण इथे तर पावती फाडून काम चाललंय. कलम ५२ मध्ये बॅकअप प्रत काढायची मुभा आहे, पण ती मूळ प्रत खराब झाली तर म्हणून. जादा मशीनवर चालवायला नव्हे. शिवाय मशीन प्रेसचं. उद्या काही झालं तर आधी त्या मालकाला उत्तर द्यावं लागेल, आणि त्यानंतर तो ताईंना दारात उभं करणार नाही.

झटपट
गोव्यात किती प्रेसवर धाडी पडल्या सांगा बघू.

साकव
धाडीचं सोडा. प्रेसच्या मशीनवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या फाइली असतात. क्रॅकबरोबर काय आत शिरेल ते चवथीच्या तोंडावर निस्तरायला कुणाला वेळ आहे?

आबोलीताई, घरचं मशीन हल्लीत फॉरमॅट केलंत का? हार्डडिस्क बदलली?

आबोली_फोंडा
फॉरमॅट नाही. हार्डडिस्क तीच. जूनमध्ये वीज पडली तेव्हा मदरबोर्ड जळला, तेवढा बदलून घेतला. त्यानंतर पॅकेजने परत लायसन्सची की मागितली, मी घातली, चालू झालं. म्हणजे घरचं मशीन ठीक आहे. मी प्रेसच्या मशीनचं विचारतेय.

साकव
सापडलं. दोन मशीन तुमच्या घरातच संपली.

हे पॅकेज की घालताना मशीनची खूण काढतं. बोर्डचा नंबर, हार्डडिस्कचा नंबर, नेटवर्क कार्डचा पत्ता, यातलं काहीबाही जुळवून एक आयडी बनतो आणि तो कंपनीच्या सर्व्हरवर नोंदला जातो. नेटवर्क कार्ड हल्ली बोर्डातच असतं, म्हणजे बोर्ड बदलला की दोन खुणा एकदम बदलतात. तुमच्यासाठी मशीन तेच, सर्व्हरसाठी नवं. जळालेल्या बोर्डवाली जागा अजून अडलेली आहे, नव्या बोर्डने दुसरी घेतली. प्रेसचं मशीन तिसरं ठरलं.

आबोली_फोंडा
बोर्ड बदलला म्हणजे मशीन बदललं कसं? डबा तोच आहे, त्यावर स्टिकरसुद्धा तोच आहे!

कुळागर
म्हणूनच मी आधी विंडोजचं विचारत होतो.

साकव
एरवी अशा पॅकेजमध्ये लायसन्स परत करायची सोय असते. जुन्या मशीनवर ते बटण दाबलं की जागा मोकळी होते. बोर्डच जळाल्यावर बटण दाबणार कुठून? तेव्हा ते कंपनीला तिच्या बाजूने काढावं लागतं. डीलरच्या मागे लागू नका, थेट कंपनीच्या सपोर्टला मेल करा. सीरियल नंबर, खरेदीचं बिल, पहिल्यांदा ॲक्टिव्हेट केलं तेव्हा आलेला मेल (त्यात बहुतेक जुना आयडी सापडेल), पॅकेजच्या मदत मेनूत दिसणारा आताचा आयडी आणि बोर्ड बदलल्याची पावती. 'बोर्ड निकामी झाल्याने जुनं ॲक्टिव्हेशन रद्द करावं' एवढंच लिहा. विजेची गोष्ट सांगत बसू नका.

आबोली_फोंडा
पावती कसली, रिपेअरवाल्याने बोर्डच्या खोक्यावर पेनाने आकडा लिहून दिला होता.

कलम_बहाद्दर
खोक्याचा फोटो पाठवा. त्यावर बोर्डचा सीरियल नंबर छापलेला असतो. पावतीच्या बरोबरीचा नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

फेरीबोट
मला एक कळत नाही. प्रेसमध्ये पॅकेज टाकायचंच कशाला? घरी काम करा, फॉन्ट आत बसवून पीडीएफ काढा, मेल करा. प्रेसला फक्त पीडीएफ लागते.

आबोली_फोंडा
तुम्ही देवस्थानचं काम केलेलं दिसत नाही. पीडीएफ गेल्यावरच तर काम सुरू होतं. प्लेट काढायच्या आधी समितीचा माणूस प्रेसमध्ये येऊन बसतो. देणगीदारांची यादी चार पानं. कुणाची रक्कम वाढते, कुणाचा वाडा चुकलेला असतो, कुणाचं 'श्री.' चं 'कै.' करावं लागतं. गेल्या खेपेला 'कै.' चं 'श्री.' करावं लागलं, तो माणूस बाहेर स्कूटरवर बसलेला होता. हे सगळं तिथल्या तिथे, तो माणूस खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असताना.

फेरीबोट
बरं, हे कळलं. मग प्रेसमधून घरचं मशीन चालवा. घरी कॉम्प्युटर चालू ठेवायचा, प्रेसमध्ये क्रोम रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरायचं. पॅकेज फोंड्यातच चालतं, लायसन्स जागचं हलत नाही, तुम्हाला पणजीत फक्त स्क्रीन दिसते. फुकट आहे. एनीडेस्क घेऊ नका, ते फुकट आहे ते खासगी वापरापुरतं, कामासाठी वापरलं तर त्याचंही लायसन्स लागतं.

साकव
चांगला मार्ग. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप मात्र नको. एक तर होम आवृत्तीत बाहेरून आत शिरता येत नाही, आणि काही लायसन्स लॉक तसल्या सेशनमध्ये चालायला नकार देतात. कंपनीच्या अटींत रिमोट वापराबद्दल काही लिहिलंय का, तेही वाचून घ्या.

कुळागर
आणि फोंड्यात लाइट गेली तर?

फेरीबोट
यूपीएस. राउटरलाही. नुसता कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवून राउटर विसरणारे लोक मी पाहिलेत.

मुक्ताछंदी
सगळे मूळ दुखणं सोडून बोलताय. हे असले बांधलेले फॉन्ट वापरायचेच का? युनिकोडमध्ये या. ती कुठल्याही मशीनला कळणारी अक्षरपद्धत आहे. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड आहेच, वेगळं टायपिंग पॅकेज नको. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग लावली की जोडाक्षरं नीट बसतात. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता, बलू घ्या. ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, हव्या तितक्या मशीनवर टाका, छापा, प्रेसवाल्याला फाइल द्या, कुणी अडवणार नाही. फ्रीलान्सरचा फॉन्ट असाच हवा. इनडिझाइनही नको असेल तर पानं लावायला स्क्रायबस आहे.

जुना_कंपोझिटर
६४ पानं जुन्या फॉन्टमध्ये लागलेली आहेत, शनिवारी छपाई आहे, आणि हे म्हणतात युनिकोडमध्ये या. चालत्या कदंबा बसचं चाक बदलायला सांगताय. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार कुठे जातो, 'ऱ्या' चं काय होतं, कधी बघितलंय?

मुक्ताछंदी
बघितलंय. तपासावं लागतं. म्हणून या पुस्तिकेसाठी नाही म्हणत, पुढच्या कामापासून म्हणतोय. दर वर्षी तुम्ही हेच म्हणता.

जुना_कंपोझिटर
आणि मुखपृष्ठाला? बलूत लिहायचं 'श्री गणेशाय नमः'? गोलमटोल अक्षरात? मंदिराच्या पुस्तिकेला वळण लागतं.

मुक्ताछंदी
मुखपृष्ठावरच्या चार शब्दांसाठी अख्खं लायसन्स खांद्यावर घेऊन फिरता, धन्य आहे. तेवढं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून ठेवा, मग फॉन्ट कुठेच लागत नाही.

आबोली_फोंडा
तुमचं भांडण होईपर्यंत मी करून बघितलं. कंपनीला मेल गेला आहे, खोक्याच्या फोटोसकट. उत्तर आलं की अर्ज नोंदवला आहे, एवढंच.

रिमोट मात्र चाललं. स्क्रीन जरा मागून येते, ओळ सरकवली की क्षणभर थांबावं लागतं, पण चाललं. सुरुवातीला अक्षरं भलतीच येत होती, 'क' दाबला की काहीतरी तिसरंच.

साकव
प्रेसच्या मशीनचा कीबोर्डही मराठीवर असेल. दोन्हीकडे मराठी केलं की एकावर एक बसतं. समोरच्या मशीनवर इंग्रजी ठेवायचं, मराठी फक्त घरच्यावर.

आबोली_फोंडा
तेच होतं. प्रेसच्या पोराने आधीच शोधून दिलं. दुपारी घरची लाइट गेली, यूपीएसने धरलं, सासूबाईंनी फोन करून विचारलं की हा डबा किती वेळ कुई-कुई करणार. तेवढ्यात आली. देणगीदारांची यादी समितीच्या माणसाने दोनदा वाचली, शेवटच्या पानावर सही केली. प्लेट निघाल्या. साकव, फेरीबोट, बरें जालें तुम्ही होतात.

मडगावचा_बेस
चवथीच्या आधी सुटलं, बरं झालं. पुस्तिकेत माटोळीवर, गणपतीच्या डोक्यावर बांधतात तिच्यावर, लेख असेल तर एक प्रत हवी आहे.

आबोली_फोंडा
आहे. माटोळीत लागणाऱ्या रानफळांची नावं दोन पानं. त्यातलं एक नाव फॉन्टमध्ये येतच नव्हतं, ती वेगळीच कथा.

नवखा_म्हापसा
चर्चा वाचली. माझ्याकडे टॅली आहे, दुकानात एका मशीनवर. हिशोब घरी नेऊन करायचे असतात. घरी टाकलं तर चालेल का? लवकर सांगा.

कुळागर
विंडोज कोणतं?

साकव
दुकानातल्या मशीनवर लायसन्स सरेंडर करा, मग घरी ॲक्टिव्हेट करा. परत दुकानात जाताना उलट. रोज तसं करायचं असेल तर वरचा फेरीबोट यांचा उपाय वाचा. आणि एकटेच वापरता की दुकानात दुसरं कुणी बसतं, ते लिहा.

नवखा_म्हापसा
भाऊ बसतो. त्याला विचारून सांगतो.

संपादक
टॅलीसाठी वेगळा धागा काढावा.