‘बिग मॅन’ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर लेख लिहिते आहे. जॉर्ज मायकनपासून झॅक एडीपर्यंत, रिंगखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूंची तुलना असा विषय आहे. ऐंशी वर्षांचा पल्ला. माहिती हाताशी आहे, पण लेख पहिल्याच ओळीत अडलाय, कारण ‘बिग मॅन’ला शब्द सापडत नाही.

‘मोठा माणूस’ बादच. आपल्याकडे माणूस मोठा होतो तो पैशानं, मानानं नाहीतर वयानं. ‘पोरगं शिकून मोठं झालं’ यात उंचीचा काही संबंध नाही. ‘धिप्पाड’ लिहून पाहिलं. पण धिप्पाडमध्ये उंचीबरोबर आडवा बांधाही आला. शकील ओनीलला तो शोभतो, बिल रसेलला नाही; रसेल शिडशिडीत होता. ‘ताडमाड’ म्हटलं की नुसती उंची दिसते, बळ दिसत नाही. ‘आडदांड’ ही तर सरळ शिवीच. ‘आजानुबाहू’ मला फार आवडला, कारण या खेळात उंचीपेक्षाही हातांची लांबी कामाला येते. पण तो शब्द उच्चारला की समोर रामच उभा राहतो.

मी इंडियानात राहते, पर्ड्यू विद्यापीठ इथून गाडीनं तासाभरावर. एडीला तिथे खेळताना पाहिलंय. ७ फूट ४ इंच. चेंडू डोक्याच्या वर दोन्ही हातांत झेलायचा आणि खाली आणायचाच नाही. भोवती तिघं जण हात उंचावून उभे, आणि चेंडू त्यांच्या बोटांच्याही वर वीतभर. घरी येऊन ते दृश्य मराठीत लिहायला बसले आणि कर्त्यापाशीच अडले. मदत करा.

प्रतिसाद

ताई, मी नागपूरला वीस वर्षं खेळलो, नंतर मुलांना शिकवलं. आमच्या मैदानावर ‘सेंटर’ हाच शब्द होता. आमचे कोच जुन्या वळणाचे, ते ‘पिव्हट’ म्हणत. ‘पिव्हट, रिंगखाली!’ अशी हाक आली की मी धावायचो. रिंगखालचा तो भाग आम्ही फक्की मारून आखायचो आणि त्याचा आकार असायचा समलंब चौकोनाचा, वर अरुंद, खाली रुंद. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० साली तो आयत झाला, पण जुन्या डांबरी कोर्टांवर तिरक्या रेषांच्या खुणा मी अजून दाखवू शकतो. त्या रेषांच्या आत तीन सेकंद झाले की पंचाची शिट्टी. म्हणून माझं म्हणणं, शब्द उंचीवरून घेऊ नका, जागेवरून घ्या. ‘सेंटर’ ठेवा. कळतो सगळ्यांना.

आणि तुलनेबद्दल विचाराल तर रसेल ते रसेल. त्यांनी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून दिली. दुसऱ्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. सरासरी २० गुण आणि २० रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू पकडणं! त्यांच्यापुढे तो एडी काय टिकणार?

प्रतिसाद

माझं माहेर मराठवाड्यातलं, शेतकरी घर, म्हणून मला वेगळाच शब्द सुचतो: मेढ. खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. कुणी त्याला तिवडा म्हणतं. मळणीच्या वेळी बैलांची पात त्या खांबाला बांधलेली असते आणि त्याच्याभोवती फिरते. माझे आजोबा मेढ निवडताना लाकूड हातानं वाजवून बघायचे, कारण ती हलली तर सगळी पात विस्कटते. ‘मुहूर्तमेढ रोवली’ असं आपण रोज वाचतो, त्यातली मेढ मांडवाची, पण खांबच.

इंग्रजीत या जागेला ‘पोस्ट’ म्हणतात ना, लो पोस्ट आणि हाय पोस्ट? मग खालची मेढ, वरची मेढ. चेंडू आधी मेढीकडे जातो, बाकीचे चौघे तिच्याभोवती फिरतात. खेळाचं चित्र तंतोतंत आहे की नाही?

धागाकर्ती

वा! मेढ वाचल्यावर उठून दोन फेऱ्या मारल्या. हाच तो शब्द, असं पहिल्यांदा वाटलं.

आणि १९४०च्या दशकाला तो अगदी चपखल बसतो. तेव्हा रिंगखालचा पट्टा जेमतेम ६ फूट रुंद होता आणि त्याच्या टोकाला १२ फूट व्यासाचं वर्तुळ. वरून पाहिलं तर कुलपाचं भोक, म्हणून त्या जागेचं नाव पडलं ‘की’. पट्टा इतका अरुंद की त्याच्या कडेला उभं राहिलं तरी रिंग हाताशी. डीपॉल विद्यापीठाचा मायकन, ६ फूट १० इंच, जाड भिंगांचा चष्मा, आणि ओक्लाहोमा ए अँड एमचा बॉब कर्लंड, ७ फूट. हे दोघं खरोखर मेढीसारखे उभे राहत. रिंगेत उतरणारा चेंडू वरच्यावर हातानं टोलवत. शेवटी १९४४ साली नियम आला: उतरत्या चेंडूला बचाव करणाऱ्यानं हात लावायचा नाही. ‘गोलटेंडिंग’ला मी ‘उतरता चेंडू अडवणं’ म्हणणार आहे. लांब आहे, पण वाचल्याबरोबर नियम समजतो.

काही जणांना वाटलं होतं की आता या उंच मुलांचं काय होणार. कर्लंडच्या संघानं त्यानंतर १९४५ आणि १९४६ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. १९४५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेड क्रॉसच्या मदतीसाठी या दोघांचे संघ समोरासमोर आले. मायकन १४ मिनिटांतच पाच फाउल होऊन बाहेर गेला आणि कर्लंडचा संघ ५२-४४ जिंकला.

पण पुढच्या काळाला ‘मेढ’ लावायला गेले की शब्द कुरकुरतो. मेढ जागची हलत नाही, हाच तिचा गुण. १९५६-५७च्या हंगामापासून कॉलेजमध्ये तो पट्टा ६ फुटांचा १२ फूट झाला, म्हणजे मेढ रिंगेपासून लांब हलवली. रसेल तर त्याआधीच उभा राहणाऱ्यांतला नव्हता. तो धावायचा, उडी मारायचा, दुसऱ्याच्या माणसावर झेपावून चेंडू अडवायचा आणि तो बाहेर न भिरकावता आपल्याच खेळाडूच्या हातात पाडायचा. त्याला मेढ कशी म्हणू?

प्रतिसाद

काका आणि ताई, दोघांना एक सांगायचंय. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे सर्वनामांवर डोळा आपोआप जातो.

काकांनी रसेलना ‘त्यांनी’, ‘त्यांच्यापुढे’ लिहिलं आणि एडीला ‘तो एडी’. ताई, तुम्ही दोघांनाही ‘तो’ लिहिलंत. हा फरक लहान नाही. मराठीत खेळाडू खेळत असतो तोवर ‘तो’ असतो, निवृत्त होऊन केस पिकले की ‘ते’ होतो. सचिननं शतक काढलं तेव्हा ‘त्यानं’ काढलं. पण त्याच्या आधीच्या पिढीतल्या कुणाचं शतक सांगताना आपण ‘त्यांनी काढलं’ असं सहज लिहून जातो, जरी ते शतक काढताना तो विशीतला पोरगा असला तरी. दोन काळांची तुलना करणाऱ्या लेखात असं केलं की निकाल सर्वनामातच लागतो. जुन्याला आदरार्थी बहुवचन आणि नव्याला एकवचन, मग वाचक आकडे वाचायच्या आधीच उठून जुन्याला नमस्कार करतो.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण नाही, त्यांचा एकच ‘ही’. आपल्याला ठरवावं लागतं.

प्रतिसाद

नागपूरकर काका पुन्हा. मुला, तू माझी चूक बरोबर पकडलीस. रसेलबद्दल मी नेहमी ‘ते’ म्हणत आलो, कारण मी त्यांच्याबद्दल वडीलधाऱ्यांकडून ऐकलं. पण १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेतलं तेव्हा रसेलचं वय २२ होतं. माझा नातू आज त्याच वयाचा आहे आणि त्याला मी ‘अरे’ म्हणतो. कोर्टावरच्या रसेलला यापुढे ‘तो’ म्हणेन.

धागाकर्ती

छापखानेवाले दादा, तुमच्या या एका मुद्द्यासाठी धागा काढल्याचं चीज झालं. ठरलं. सगळे ‘तो’. लेखात प्रत्येक जण विशीतलाच आहे.

तुमच्यामुळे आणखी एक शब्द तपासला: ‘विक्रम’. मी लिहिलं होतं, ‘नेव्हीच्या (अमेरिकेच्या नौदल अकादमीच्या) डेव्हिड रॉबिन्सननं १९८५-८६ मध्ये एका हंगामात २०७ ब्लॉक करून विक्रम केला.’ आकडा बरोबर आहे. पण कॉलेजमध्ये ब्लॉकची अधिकृत मोजणीच त्या हंगामापासून सुरू झाली. रसेलनं किती चेंडू अडवले याची अधिकृत मोजदादच नाही. विल्ट चेंबरलेन, लू अल्सिंडर, बिल वॉल्टन, सगळ्यांचं तेच. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ या एकाच शब्दात विक्रमही येतो आणि नोंदही. मराठीत ते दोन शब्द आहेत आणि इथे आपली भाषा जास्त खरं बोलते. म्हणून वाक्य बदललं: ‘ब्लॉकची नोंद होऊ लागली त्याच हंगामात रॉबिन्सनच्या नावावर २०७ लागले.’

तुलनेचंही मला आता असंच वाटतं. नामाच्या मागे लागू नये, क्रियापद बघावं. प्रत्येक काळानं या उंच मुलांकडून वेगळं काम मागितलं आणि बरेचदा त्यांचं नेहमीचं काम नियम करून काढूनही घेतलं.

अल्सिंडरचंच घ्या. पुढे तो करीम अब्दुल-जब्बार झाला, पण हे नाव त्यानं जाहीरपणे घेतलं १९७१ साली, म्हणून कॉलेजच्या दिवसांपुरतं मी अल्सिंडरच लिहिणार. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळू देत नसत. म्हणजे त्याच्या वाट्याला तीनच हंगाम आले. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून पहिल्याच सामन्यात त्यानं ५६ गुण केले, पहिल्याच हंगामात संघ एकही सामना न हरता विजेता झाला आणि पुढच्या हंगामापासून कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर बंदी आली. ती नऊ हंगाम टिकली. चेंडू वरून रिंगेत ठासणं हे उंच खेळाडूचं सगळ्यात हक्काचं काम. तेच काढून घेतलं. तो रडत बसला नाही. पाठ रिंगेकडे, एक पाऊल, हात सरळ आभाळात आणि मनगटाच्या झटक्यानं सोडलेला चेंडू, हा हुकचा फटका त्यानं घोटून घोटून असा केला की पुढची वीस वर्षं कुणाला अडवता आला नाही. उरलेली दोन्ही विजेतेपदं त्यानं डंकशिवाय जिंकली. तीन हंगामांत ८८ विजय, २ पराभव. त्यातला एक पराभव जानेवारी १९६८चा, ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये, ५२,६९३ प्रेक्षकांसमोर, ७१-६९. डोळ्याच्या बुबुळाला इजा झालेली असताना तो खेळला. समोरच्या एल्विन हेजनं ३९ गुण केले. दोन महिन्यांनी उपांत्य फेरीत तेच दोन संघ पुन्हा भेटले आणि यूसीएलए १०१-६९ जिंकली.

मला विचाराल तर कॉलेजपुरता हाच सगळ्यांत श्रेष्ठ. ‘सर्वांत मोठा’ नाही म्हणणार, उंचीनं एडी आणि राल्फ सॅम्पसन त्याच्याहून मोठे. दोघंही ७ फूट ४ इंच.

प्रतिसाद

मेढवाली. शब्द मागे घेत नाही हं, पण तुमचं क्रियापदाचं पटलं. मग वॉल्टनसाठी कोणतं? १९७३च्या अंतिम सामन्यात त्यानं २२ पैकी २१ फटके टाकले, ४४ गुण. ते ‘टाकणं’ म्हणायचं का?

धागाकर्ती

नाही, वॉल्टनसाठी ‘वाटणं’. रिबाउंड घेऊन जमिनीवर उतरायच्या आत तो चेंडू पुढे पळणाऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. पंगतीत वाढणारा जसा पान रिकामं दिसायच्या आधीच वाढतो, तसा. ते ४४ गुण त्या दिवसाचे, वाटणं रोजचं.

पॅट्रिक यूइंगसाठी ‘धाक घालणं’. १९८२च्या अंतिम सामन्यात जॉर्जटाउनच्या या पहिल्या वर्षाच्या मुलानं सुरुवातीलाच एकामागून एक उतरते चेंडू टोलवले. पंचांनी प्रत्येक वेळी गुण समोरच्या संघाला दिले आणि तो टोलवतच राहिला. गुण गेले, पण रिंगेजवळ यायचं तर विचार करून या, हा निरोप पोहोचला. नॉर्थ कॅरोलिनानं तो सामना ६३-६२ असा एकाच गुणानं जिंकला. दोन वर्षांनी यूइंगनं विजेतेपद मिळवलं, समोर ह्यूस्टनचा ओलाजुवॉन होता.

चेंबरलेनसाठी मात्र अडले आहे. कॅन्ससकडून पहिल्या सामन्यात ५२ गुण, ३१ रिबाउंड. १९५७चा अंतिम सामना तीन जादा डाव होऊन नॉर्थ कॅरोलिनाकडून ५४-५३ हरला, तरी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. त्याला कॅन्ससला आणणारे प्रशिक्षक फॉग ॲलन स्वतः रिंग १० ऐवजी १२ फुटांवर न्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी करत होते. वयाची सत्तरी झाली म्हणून १९५६ साली त्यांना निवृत्त केलं गेलं आणि विल्टला मुख्य संघात खेळवायचं राहूनच गेलं. विल्टवर त्या काळी तिघं-तिघं पहारा देत. तेव्हा कॉलेजमध्ये ठरावीक वेळेत फटका मारायला लावणारं घड्याळ नव्हतं, ते आलं १९८५-८६ला. समोरचा संघ चेंडू नुसता धरून बसला तरी चालायचं. इतकं सगळं ‘सोसणं’ हेच त्याचं क्रियापद असावं का?

प्रतिसाद

सोसणं नको ताई. ‘पुरून उरणं’ बघा. तिघांना पुरून उरला. — नागपूरकर काका

धागाकर्ती

काका, घेतलं!

आणि एडीसाठी ‘टिकणं’. चार वर्षं एकाच कॉलेजात, १९८३च्या सॅम्पसननंतर लागोपाठ दोनदा देशातला सर्वोत्तम ठरलेला पहिलाच खेळाडू. २०२४च्या अंतिम सामन्यात ३७ गुण करूनही कनेक्टिकटकडून हरला, ७५-६०. सगळा खेळ तीन गुणांच्या रेषेबाहेर गेलेल्या काळात हा एकटा रिंगखाली पाठ लावून उभा राहिला. मेढवाल्या ताई, तुमचा शब्द मी त्याच्याच परिच्छेदात वापरणार आहे. ऐंशी वर्षांनी मेढ पुन्हा खळ्यात आली.

मथळ्यात ‘सेंटर’ ठेवते, काकांच्या मैदानावरचा. आणि ज्या पहिल्या ओळीवर अडले होते ती आज सकाळी अशी लिहून झाली, त्या नामाशिवायच: ‘१९४४ साली एका नियमानं दोन मुलांचे हात बांधले. एक सात फूट उंच होता, दुसऱ्याच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता.’