प्रोप्रिओसेप्शन हा शब्द आला कुठून?

पाखाडीवाली: नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीजवळची. पावसात पाखाडीवर शेवाळावरून घसरले, घोटा मुरगळला. आता फिजिओ मला डोळे मिटून एका पायावर उभं करतात आणि सारखं म्हणतात प्रोप्रिओसेप्शन, म्हणजे न बघता हातपाय कुठे आहेत ते कळणं, सुधारायचंय. व्यायाम कळला हो, पण हा शब्द कोणी काढला? आणि त्यातलं 'प्रोप्रि' प्रॉपर्टीतलंच की काय?

बंदरावरचा: प्रॉपर्टीतलंच! लॅटिन प्रोप्रिअस म्हणजे स्वतःचं, आणि पुढचा तुकडा रिसेप्टरमधला. चार्ल्स शेरिंग्टन, इंग्लिश शरीरशास्त्रज्ञ, १९०६. यांनाच पुढे १९३२ चं नोबेल मिळालं, एड्रियनबरोबर.

मालवणी_माणूस: म्हणजे आमचो पाडेली माडार चढता तेवा नजर वर नारळार आणि पाय आपसूक खाचेत, ताच मां?

फिजिओ_कुडाळ: अर्धं बरोबर. खाच तळव्याला लागते तो स्पर्श, तो बाहेरून आलेला. शेरिंग्टनने त्याला एक्स्टेरोसेप्टिव्ह म्हटलं. पण गुडघा किती वाकलाय, मांडीवर किती ताण आहे हे स्नायू आणि कंडरांतून (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांतून) कळतं, ते प्रोप्रिओसेप्टिव्ह, कारण तिथे जाणीव चेतवणारं कारण शरीराची स्वतःचीच हालचाल असते. 'स्वतःचं' ते या अर्थाने, स्वतःची ओळख वगैरे काही नाही, हे नेटवर बऱ्याच जणांचं चुकतं. आतल्या कानाचा तोल सांभाळणारा भागसुद्धा त्याने यातच धरला होता. (पोटातल्या आतड्यांच्या वगैरे जाणिवांना तिसरं नाव, इंटेरोसेप्टिव्ह.)

पाखाडीवाली: मग १९०६ च्या आधी काय म्हणायचे? लोकांना पाय तर होतेच ना 😄

बंदरावरचा: मसल सेन्स म्हणायचे. चार्ल्स बेल या स्कॉटिश डॉक्टरने १८२६ मध्येच मांडलेलं की मेंदूकडून स्नायूला आज्ञा जाते तशी स्नायूची खबर उलट मेंदूकडेही येते. मग १८८० मध्ये बॅस्टियन या इंग्लिश डॉक्टरने ग्रीकमधून कायनेस्थेशिया काढला, हालचालीची जाणीव. तोही अजून चालतो, काहीजण दोन्ही एकच धरतात, काही नुसत्या हालचालीपुरता ठेवतात, मला विचाराल तर गोंधळच आहे.

फिजिओ_कुडाळ: आणि २०२१ चं नोबेल याच्याच जवळचं बरं का, पटापूटियन या शास्त्रज्ञाच्या टीमने शोधलेलं पिएझो२ हे प्रोटीन, पेशीच्या आवरणातलं, ताणाने दारासारखं उघडणारं, ते या जाणिवेला लागतं. ताई, डोळे मिटून उभं राहताना भिंत हाताशी ठेवा, आणि ओल्या ओटीवर नको.