शब्दचर्चा: मळीवर विमान उडतं का हो?

कृष्णाकाठ:
पुतणीला कॉलेजात पोस्टर करायचंय, विषय आहे लहान खाजगी विमानांसाठी बायोमासपासून इंधन, आणि सरांनी सांगितलंय मराठीतच पाहिजे. तिनं लिहिलं, 'जैववस्तुमानापासून, उदाहरणार्थ मळीपासून, तयार होणारे विमान इंधन'. तिच्या वडलांनी म्हणजे आमच्या दादानं ते वाचलं (वाळवा तालुक्यात ऊस आहे आमचा) आणि म्हणाला मळीवर विमान? ती तर मी ट्रॉलीनं आणून रानात विस्कटतो, काळी भुसभुशीत, दोन दिवस वास जात नाही, ती टाकीत ओतणार कशी? पोरगी म्हणते पेपरात रोज येतंय की 'बी हेवी मळीपासून इथेनॉल'. दोन दिवस घरात हेच चाललंय. नक्की बरोबर कोण? आणि जैववस्तुमान हा शब्द कोण बोलतं का खरंच?

खोडवा:
दोघंबी बरोबर हायत आणि हीच तर गंमत. मी कारखान्यात लॅबला होतो, आमच्याकडं मळी म्हणजे तीन वेगळ्या जिनसा. शेतकरी म्हणतो ती मळी म्हणजे प्रेसमड, रस निवळल्यावर फिल्टरवर जो गाळ राहतो तो, खतात जातो, आता त्याचा गॅसबी करत्यात. पेपरवाले म्हणतात ती मळी म्हणजे मोलॅसिस, साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरलेला काळा चिकट पाक, ह्याच्यापासनं इथेनॉल. आणि नदीत मासे मेले की बातमी येते 'मळीमिश्रित पाणी', ती तिसरीच, डिस्टिलरीतनं बाहेर पडणारं सांडपाणी. पोस्टरवर सरळ मोलॅसिस लिहा, दादा गप होतील.

पाटणची मावशी:
खोडवा, एक चौथी राहिली आणि मला वाटतं तीच मूळची. आमच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस तापायला लागला की गुळव्या रानभेंडीचं पाणी घालायचा, मग वर हिरवट-करडा फेस धरायचा, तो झाऱ्यानं काढून बाजूला टाकायचा. ती मळी. रसाचा मळ म्हणून मळी, साधी गोष्ट. म्हणजे प्रेसमडला मळी म्हणणारा शेतकरी मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे, मोलॅसिसला ते नाव नंतर चिकटलं असणार. आणि कुणी मोलॅसिसला काकवी लिहू नका हं, काकवी आम्ही भाकरीबरोबर खातो, ती साखर काढून घेतलेली नसते.

धावपट्टी_कराड:
शब्द ठीक झाला पण वाक्य अजून चुकतंय. मोलॅसिसवर काय, नुसत्या इथेनॉलवरसुद्धा इथं शिकाऊ विमान उडत नाही. आधी 'विमान इंधन' हा शब्दच फोडा. मोठी जेट जातात ते इंधन रॉकेलच्या जातीचं. आपल्या कराडला घिरट्या घालतात तसल्या छोट्या पिस्टन इंजिनाच्या विमानांना सहसा एव्हगॅस लागतं, ते पेट्रोलच्या जातीचं. १०० ऑक्टेनवालं (ऑक्टेन म्हणजे इंधन अवेळी न पेटण्याचा आकडा, जास्त तेवढं चांगलं) जास्त चालतं, निळा रंग घातलेला असतो म्हणजे बघून ओळखता येतं, आणि इंधन अवेळी पेटून इंजिननं ठकठक म्हणजे नॉकिंग करू नये म्हणून त्यात अजून शिसं असतं, लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत. सगळी शोधाशोध चाललीय ती ह्या शिशामुळं. आपल्या देशात २०२२ पर्यंत हे बाहेरून यायचं, मग इंडियन ऑइलनं इथं बनवायला घेतलं.

इथेनॉलला ऑक्टेन भरपूर आहे, शिशाची गरज नाही, मग अडतं कुठं तर एका लिटरात पेट्रोलपेक्षा ताकद साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे तेवढ्याच टाकीत विमान कमी लांब जाणार. परत ते पाणी ओढून घेतं, जुनी रबरी सील आणि ॲल्युमिनियम खातं. गाडी बंद पडली तर रस्त्याकडेला लावता येते, वर कुठं लावणार. तरीपण झालंय बरं का. ब्राझीलचं इपानेमा म्हणून फवारणीचं विमान आहे, एका माणसाचं, २००४ ला त्याला इथेनॉलवर उडायची मंजुरी मिळाली. पण त्याचं इंजिन आणि इंधनाची यंत्रणा त्यासाठी बदललेली आहे. उसावर फवारणी करायची आणि उसाच्याच इथेनॉलवर उडायचं.

तासगावकर:
म्हणजे दारू पिऊन विमान चालवायला बंदी पण विमानानं प्यायली तर चालतंय 😄

पाटणची मावशी:
तासगावकर, तुम्हाला द्राक्षं सोडून दुसरं काही सुचत नाही. आता जैववस्तुमान. मास म्हणजे वस्तुमान असं तुकडा तुकडा जोडून केलेला शब्द, कुणाच्या तोंडी नाही. जैवभार त्यापेक्षा बरा, पण विमानाच्या लेखात भार म्हटलं की सामान नाहीतर माणसंच डोळ्यापुढं येतात, जैवभार म्हणजे आपणच की. मी बायोमास ठेवीन आणि पुढं खरा जिन्नस लिहीन: चिपाड, पाचट, भाताचा पेंढा. त्यातही चिपाड आणि पाचट एक नव्हे, चिपाड रस काढल्यावर उरतं, पाचट म्हणजे रानात पडलेला पाला. कारखान्यात चिपाडाचा पार भुसा होतो म्हणून तिथं बगॅस म्हणतात, ते मात्र मला पटतं.

इंधनाला आमच्याकडं जळण म्हणतात, पण ते चुलीचं. गाडीत आपण तेल टाकतो. इंधन हा शब्द पेटवणे ह्या अर्थाच्या संस्कृत धातूवरून आलाय, समिधा त्यातलीच, तो राहू दे.

खोडवा:
आणि पोरीला मोगली एरंड घालायला सांगा. २७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडूनहून दिल्लीला स्पाइसजेटचं विमान गेलं, त्यात २५ टक्क्यांपर्यंत ह्याच बियांच्या तेलाचं इंधन मिसळलेलं. जट्रोफा लिहिलं की कुणाला कळत नाही, मोगली एरंड म्हटलं की बांधावरचं झुडूप लगेच ध्यानात येतंय. नावात मोगली असलं तरी झाड मूळचं अमेरिकेतलं.

धावपट्टी_कराड:
हो, पण ते मोठ्या जातीचं, रॉकेलवालं इंधन. छोट्या पिस्टनवाल्यांत फक्त डिझेल-पद्धतीचं इंजिन असलेल्या विमानांना तसलं चालतं, म्हणजे जी जेटचंच इंधन पितात ती. इथेनॉलच्या रेणूतनंच पाण्याचा अंश काढून, उरलेले रेणू जोडत जोडत जेटचं इंधन करता येतं, ते नियमाप्रमाणं निम्म्यापर्यंत मिसळलं की इंजिनात काही बदलावं लागत नाही. ह्याला ड्रॉप-इन म्हणतात, ह्याला मराठी काय?

तासगावकर:
'मिळतंजुळतं'. लग्नाच्या जाहिरातीसारखं वाटतंय पण अर्थ तोच.

पाटणची मावशी:
हसण्यावारी नेऊ नका, वाईट नाहीये. पोस्टरवर मात्र 'इंजिन न बदलता चालणारं' असं उलगडूनच लिहा.

कृष्णाकाठ:
लिहिलं. आता वाक्य असं झालंय: 'उसाच्या मोलॅसिसपासून इथेनॉल, आणि इथेनॉलपासून इंजिन न बदलता चालणारे जेटचे इंधन, जेटचे इंधन वापरणाऱ्या डिझेल इंजिनाच्या लहान विमानांना ते मिसळून चालते.' लांबलंय, पण पोरगी म्हणते राहू दे. दादाला वाचून दाखवलं, तो म्हणतो मोलॅसिसचं ठीक आहे पण मळीची ट्रॉली मंगळवारी येणार होती, ती अजून आलेली नाही.