टायटल्स पळवणाऱ्यांसाठी (चर्चा)

सराफा_रात्रपाळी: कालच इथे कुणीतरी लिहिलं, ‘नामावली नातेवाइकांसाठी असते, बटण दाबा नि पुढे चला.’ डोकं फिरलं. ‘मालगुडी डेज’ आठवतं का? आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं, एल. वैद्यनाथन यांची धून, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच माणूस त्या गावात पोचलेला. ‘भारत एक खोज’चं नासदीय सूक्त लागलं की आमची आजी ओट्यावरचं काम टाकून बाहेर यायची. सूक्त संपलं की परत आत. नेहरूंशी तिला घेणंदेणं नव्हतं. २०१७ साली नेटफ्लिक्सने ते ‘स्किप’चं बटण आणलं आणि दीड मिनिटाचीही सबुरी गेली.

विजयनगरची_सून: ते ‘कुणीतरी’ म्हणजे मीच, काका. तुमच्या आजींना आठवड्याला एक भाग मिळायचा. मी रविवारी सहा भाग लागोपाठ बघते. सहा वेळा तेच? ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत मलाही पाठ आहे, देवकी पंडितांच्या आवाजासाठी मी कधीही थांबेन. पण आता निम्म्या मालिकांत ड्रोनने काढलेली शहरं आणि ढणढण वाजणारे ढोल. त्यासाठी कशाला थांबू?

टॉवर_चौक: नातेवाइकांसाठी असते? हो, असते! माझा भाचा मुंबईत ध्वनी सहायक आहे. त्याचं नाव पहिल्यांदा पडद्यावर येणार म्हणून घरचे सगळे नटूनथटून गेलो. नावं सुरू झाली तोच दिवे लागले, झाडूवाला रांगेत शिरला आणि पडदा बंद. ताई जिन्यात रडली. चला पुढे, दाबा बटण.

पोहे_जलेबी: नावाची किंमत आपल्या इंदूरच्या सलीम खानांना विचारा. १९७३ साली ‘जंजीर’च्या पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं, तर सलीम-जावेदनी रंगारी पाठवून मुंबईभर रंगवून घेतलं. आणि आपल्या लताबाई! ‘महल’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे मधुबालेच्या पात्राचं नाव.

दादर_ते_देवास: लताबाई ‘आपल्या’ कधी झाल्या? जन्मापुरतं इंदूर. घराणं गोव्याचं, लहानपण सांगलीचं.

पोहे_जलेबी: भिया, सिख मोहल्ल्यात जन्म झालाय, १९२९ साली. मध्य प्रदेश सरकार त्यांच्या नावाचा पुरस्कार उगाच इंदुरात देतं का?

दादर_ते_देवास: सरकार काय, कुणाच्याही नावाने देईल. बरं, नामावलीचे एवढे भक्त आहात तर सांगा, ‘साधी माणसं’चं संगीत कुणाचं? पडद्यावर नाव ‘आनंदघन’. त्या तुमच्या लताबाईच. म्हणजे जे डोळे फाडून वाचत बसले तेही फसले.

सराफा_रात्रपाळी: ते त्यांनी स्वतःहून लपवलं होतं. स्वतः पडदा ओढणं वेगळं, दुसऱ्याने नाव खाणं वेगळं. वकिली करताय की चर्चा?

दादर_ते_देवास: सांगलीकर आहे. दोन्ही येतं.

विजयनगरची_सून: तुमचं चालू द्या. टॉवर_चौक दादा, भाच्याचा सिनेमा घरी बघायला मिळाला की सांगा, नावं शेवटपर्यंत बघेन. सुरुवातीचे ढोल मात्र पळवणार.

टॉवर_चौक: उपकार झाले वहिनी.

पोहे_जलेबी: आणि हो, लताबाई इंदूरच्याच. सांगलीकरांनी किशोरकुमारवरही हक्क सांगायच्या आत सांगून ठेवतो, तो खंडव्याचा.