मदत हवी आहे: गवत कापताना चिलटं आणि डास, गॉगल घालून काय वापरू?

ओढ्याच्या काठचं गवत आणि झुडपं कापायचं काम आहे, ब्रश कटरने. डास आहेतच, पण खरा वैताग चिलटांचा, घाम आला की डोळ्यांच्या कडेला आणि कानात घुसतात, आणि दोन्ही हात मशीनवर असल्यामुळे हाकलताही येत नाही.

आधीच सांगतो, फुल बाह्या, फिकट रंगाचे सैल कपडे, पँट मोज्यात खोचलेली, हे सगळं करतोय. सिट्रोनेलाचं तेल लावून बघितलं, घामाबरोबर लगेच उतरतं. डीटवालं (डीट म्हणजे डास पळवणारं रसायन) क्रीम डासांवर मस्त चालतं पण ते प्लास्टिकला खातं, सेफ्टी गॉगलची फ्रेम जिथे गालाला टेकते तिथे चिकट होऊन बोटांचे ठसे उमटलेत. गॉगल काढून काम करणं शक्य नाही, दगड उडतात. डोक्यावरून घ्यायची जाळीपण घेतली, पण ती नाकाला चिकटते आणि बारीक चिलटं तिच्यातून आरामात आत येतात, मग आतच अडकतात, ते अजून वाईट. कपड्यांवर पर्मेथ्रिन (कीटकनाशक) मारा असं सुचवू नका प्लीज, घरात मांजर आहे आणि मांजरांना ते विषारी. कामाची वेळही बदलता येत नाही. गांधीलमाश्यांचं पोळं जवळपास नाही, ते आधीच बघून घेतलंय.

पिकारिडिन (डीटऐवजी वापरतात ते, डास पळवणारं दुसरं रसायन) प्लास्टिकला काही करत नाही असं वाचलंय, ते २० टक्केवालं कोणी घामाच्या कामात वापरलंय का, चिलटांवर चालतं का आणि किती वेळाने परत लावावं लागतं? आणि गॉगलवरून नीट बसेल अशी बारीक विणीची जाळी कोणाकडे आहे का, आत वाफ धरत नाही ना?