आश्रयदाते नेमके काय करतात? प्रिन्सेस अ‍ॅन आणि मुलांसाठीच्या संस्था

पाटीपेन्सिल

नमस्कार. आमचा न्यास लहान आहे. घरची मोठी माणसे ऊसतोडणीला बाहेर पडली की मुलेही शाळा सोडून फडावर जातात. तसे होऊ नये म्हणून आम्ही दिवाळीनंतर साधारण मार्चअखेरपर्यंत हंगामी वसतिगृह चालवतो. यंदा चाळीस मुले आहेत. गेल्या बैठकीत एका विश्वस्तांनी प्रस्ताव मांडला की पूर्वीच्या एका संस्थानिक घराण्यातील बाईंना 'आश्रयदात्या' होण्याची विनंती करावी, कारण त्यांचे नाव लेटरहेडवर आले की देणगीदारांकडे शब्द टाकणे सोपे जाईल. दुसऱ्या विश्वस्तांनी तिथल्या तिथे सांगितले की आपल्याकडे असल्या नावांची कथा शाल, श्रीफळ आणि फ्लेक्स यांपुढे जात नाही.

वादाच्या ओघात ब्रिटनच्या प्रिन्सेस अ‍ॅन यांचे उदाहरण निघाले. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्या एकाच बालकल्याण संस्थेशी जोडलेल्या आहेत, असे सांगण्यात आले. आमच्यापैकी बहुतेकांना डायना यांच्याविषयी थोडेफार ठाऊक होते, अ‍ॅन यांच्याविषयी जवळपास काहीच नव्हते. राजघराण्यातील व्यक्ती एखाद्या संस्थेची आश्रयदाती किंवा अध्यक्ष होते तेव्हा ती प्रत्यक्षात काय करते, आणि त्यातून मुलांपर्यंत काही पोहोचते का? जाणकारांनी कृपया लिहावे. राजेशाही असावी की नसावी हा वाद इथे नको, एवढीच विनंती.

टेम्सकाठ

मी एकोणीस वर्षे इंग्लंडमध्ये राहते आणि माझ्या मुलाच्या निमित्ताने या प्रश्नाची एक बाजू जवळून पाहिली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या बैठकीत निघालेली संस्था म्हणजे 'सेव्ह द चिल्ड्रन'. अ‍ॅन यांचा जन्म 15 ऑगस्ट 1950 चा (आपल्याला लक्षात ठेवायला सोपी तारीख). 1970 मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या, म्हणजे वयाची विशी जेमतेम गाठलेली होती. 2017 मध्ये, राणी एलिझाबेथ यांनी संस्थेचे आश्रयदातेपद सोडल्यावर, अ‍ॅन आश्रयदात्या झाल्या. सुरुवातीला या नेमणुकीकडे कोणी फार गांभीर्याने पाहिले असेल असे मला वाटत नाही. 1971 मध्ये बीबीसीच्या मुलांच्या एका कार्यक्रमाबरोबर त्या केनियाला गेल्या आणि नैरोबीतील 'स्तारेहे' या निराधार मुलांच्या केंद्राला त्यांनी भेट दिली. त्या वेळच्या ब्रिटिश वृत्तपत्रांना मात्र त्यांच्या घोड्यांमध्ये आणि स्वभावातल्या फटकळपणात अधिक रस होता. चित्र पालटले ते 1982 च्या आफ्रिका दौऱ्यानंतर. बातमीदार त्यांच्या वैवाहिक आयुष्याविषयी काही हाती लागते का हे पाहायला गेले होते. पण सोमालियातल्या निर्वासितांच्या छावण्यांमधून आणि लसीकरण केंद्रांमधून त्यांच्या मागे फिरता फिरता त्यांना छावण्यांविषयीच लिहावे लागले. दौऱ्याचा कार्यक्रम असा आखायचा की कॅमेरा आपोआप जिथे जायला हवा तिथे जाईल, हे राजघराण्यातील माणसाच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार आहे, आणि ते दरवेळी हसून वापरावे लागते असेही नाही.

अ‍ॅन मुलांना कडेवर घेऊन छायाचित्र काढून देणाऱ्यांतल्या नव्हेत. यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली आहे. दवाखान्यात गेल्या की त्यांचे प्रश्न लशी थंड कशा ठेवता, परिचारिकेला पगार वेळेवर मिळतो का, असल्या वळणाचे असतात. मला व्यक्तिशः हे पटते, कारण अनोळखी पाहुण्याने कुशीत घेतल्याने माझ्या मुलाला कधीच बरे वाटलेले नाही.

आता माझ्या अनुभवाविषयी. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. पायांचे स्नायू इतके ताठ असत की उभे केले की गुडघे एकमेकांत अडकत. तो सहा वर्षांचा असताना फिजिओथेरपिस्टने आम्हांला 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड' या संघटनेच्या स्थानिक गटाकडे पाठवले. अ‍ॅन 1971 मध्ये या संघटनेच्या आश्रयदात्या झाल्या आणि 1985 पासून अध्यक्ष आहेत. पहिल्या दिवशी मी कुंपणाला धरून उभी होते. मुलाला चाकांच्या खुर्चीतून उताराच्या लाकडी फळीवर नेले, डोक्याला शिरस्त्राण घट्ट बसवले आणि एका बुटक्या, जाड मानेच्या तट्टावर बसवले. एक बाई लगाम धरून पुढे चालली. दोघे जण दोन बाजूंनी, प्रत्येकाचा एक हात मुलाच्या मांडीवर. मुलाने 'वॉक ऑन' म्हटल्याखेरीज तट्टू हलणार नाही, असा तिथला नियम आहे. तो त्या वेळी फार थोडे बोलत असे. अर्धा मिनिट सगळे वाळूत तसेच थांबले, कोणीही त्याच्या वतीने बोलले नाही. मग शब्द आला, आणि तट्टू निघाले. तट्टू चालते तेव्हा पाठीवरच्या माणसाची कंबर जवळजवळ पायी चालणाऱ्याच्या कमरेसारखी डोलते आणि त्याच्या अंगाच्या उबेने ताठ स्नायू सैल पडतात. वीस मिनिटांनी उतरवले तेव्हा मुलाचे पाय अलग होते.

प्रिन्सेस अ‍ॅन आमच्या गटाकडे कधीही आलेल्या नाहीत, आणि येतील अशी कोणाची अपेक्षाही नाही. चहाच्या खोलीत त्यांचे एक जुने छायाचित्र आहे, एवढेच. पण प्रशिक्षकांची परीक्षा, तट्टांची निवड, मदतनीसांची पडताळणी, विमा हे सगळे ज्या राष्ट्रीय संघटनेकडून येते, तिच्या अध्यक्षपदी घोड्यांतले कळणारी बाई आहे, ही साधी बाब नव्हे. त्या 1971 मध्ये घोडेस्वारीच्या युरोपीय इव्हेंटिंग स्पर्धेच्या विजेत्या होत्या आणि 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये उतरल्या होत्या. जून 2024 मध्ये त्यांच्या राहत्या इस्टेटीवर, घोड्याच्या धक्क्याने असावी अशी, डोक्याला दुखापत होऊन त्यांना पाच रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या. त्यानंतर जुलैमध्ये त्या प्रथम लोकांसमोर आल्या त्या हार्टपुरी येथे, याच संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत. आमच्या गटातल्या सत्तरीच्या मदतनीस बाईंनी ती बातमी वाचून फक्त मान डोलावली आणि लीद उचलायचे फावडे हातात घेतले.

हिशेबनीस

टेम्सकाठ ताईंचा अनुभव मोलाचा आहे. माझी हयात न्यासांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे मी पैशांकडे वळतो.

लंडनच्या 'गिव्हिंग एव्हिडन्स' या गटाने 2020 मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला होता. ब्रिटनमधील ज्या धर्मादाय संस्थांना राजघराण्यातील आश्रयदाते लाभले आहेत, त्यांच्या उत्पन्नात त्या नावामुळे वाढ होते असा पुरावा त्यांना सापडला नाही. अशा संस्थांपैकी 74 टक्के संस्थांच्या वाट्याला आदल्या वर्षभरात आपल्या आश्रयदात्याचा एकही सार्वजनिक कार्यक्रम आला नव्हता, हेही त्यांनी मोजून दाखवले. यात नवल नाही. एकट्या अ‍ॅन यांचे नाव तीनशेहून अधिक संस्थांशी जोडलेले आहे. त्या वर्षाला चारशेहून अधिक कार्यक्रम करतात, राजघराण्यात बहुधा सर्वाधिक, तरीही त्यांतून समारंभ, लष्करी पलटणी आणि परदेश दौरे वजा केल्यावर एकेका संस्थेच्या वाट्याला काय उरते, याचे गणित आपणच करावे. सेव्ह द चिल्ड्रन आणि घोडेस्वारीची संघटना या त्यांच्या मर्जीतल्या संस्था आहेत. उरलेल्यांपैकी कित्येकांच्या पदरात लेटरहेडवरच्या एका ओळीपलीकडे फारसे काही पडत नसावे.

दुसरी गोष्ट अधिकारांची. ब्रिटनमध्ये आश्रयदात्याला कायद्याने कोणताही अधिकार नाही आणि कोणतीही जबाबदारी नाही. चॅरिटी कमिशनला, म्हणजे तिथल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला, उत्तर देतात ते विश्वस्त. हे अंतर पुसट झाले की काय होते ते 'सेन्टेबाले'च्या बाबतीत दिसले. प्रिन्स हॅरी यांनी आफ्रिकेतील लेसोथो देशाचे प्रिन्स सेइसो यांच्यासह 2006 मध्ये, एचआयव्हीची झळ बसलेल्या मुलांसाठी ही संस्था काढली. दोघांनी आपापल्या आईची आठवण म्हणून ती काढली होती आणि काम चांगले होते. पण विश्वस्त आणि अध्यक्षा यांच्यातला वाद चिघळला, मार्च 2025 मध्ये दोन्ही राजपुत्र आश्रयदातेपदावरून बाजूला झाले, आणि ऑगस्टमध्ये चॅरिटी कमिशनने हे भांडण चव्हाट्यावर आणल्याबद्दल सर्वच बाजूंना दोष दिला. ज्या नावामुळे कॅमेरे आले, त्याच नावामुळे भांडणाचीही जगभर बातमी झाली. असेच भांडण बिनराजपुत्रांच्या संस्थेत झाले असते तर तालुक्याच्या पत्रकातही आले नसते.

आपल्यापुरते सांगायचे तर बाईंना विश्वस्त करू नका. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज आणि परिशिष्टातली नोंद आलीच, आणि उद्या त्यांनी सोडायचे म्हटले तर पुन्हा तीच वारी. आश्रयदाती हे पद मानद ठेवा, तीन वर्षांची मुदत घाला आणि ठरावात कामे लिहा. 'मार्गदर्शन करणे' हे काम नव्हे.

जुनी कात्रणे

हिशेबनीस यांनी दिलेली आकडेवारी मान्य आहे, मात्र तिच्यामुळे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. डायना यांना हे गणित कळले होते. 1996 मध्ये घटस्फोट झाल्यावर त्यांनी सुमारे शंभर संस्थांचे आश्रयदातेपद एकदम सोडले आणि फक्त सहा ठेवल्या. त्यांत ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे मुलांचे रुग्णालय होते, बेघर तरुणांसाठीची सेंटरपॉइंट होती, कुष्ठरोग्यांसाठी काम करणारी लेप्रसी मिशन होती. ज्यांची नावे गळली ते नाराज झाले, पण मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. जिथे जाणे होणार नाही तिथे नाव ठेवायचे नाही.

सेव्ह द चिल्ड्रनच्या मुळाशीही राजघराणे नाही, हे इथे नमूद करायला हवे. पहिल्या महायुद्धानंतरही नाकेबंदी चालू होती आणि ऑस्ट्रिया-जर्मनीतील मुले उपाशी मरत होती, तेव्हा एग्लंटाइन जेब यांनी ट्रफाल्गर चौकात त्या मुलांची चित्रे असलेली पत्रके वाटली. त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. ज्या सरकारी वकिलाने खटला चालवला त्यानेच पाच पौंड त्यांच्या हातावर ठेवले. 1919 च्या मे महिन्यात जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी संस्था सुरू केली. बालहक्कांचा जो जाहीरनामा राष्ट्रसंघाने 1924 मध्ये स्वीकारला, त्याचा मसुदा जेब यांचाच. मौज अशी की या बाईंना लहान मुलांचा सहवास फारसा आवडत नसे आणि त्या ते लपवतही नसत. मुलांना कडेवर न घेणाऱ्या अ‍ॅन यांनी नेमकी हीच संस्था आयुष्यभर धरून ठेवली, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

आणखी एक. ऑक्टोबर 1984 च्या अखेरीस अ‍ॅन याच संस्थेच्या कामासाठी भारताच्या दौऱ्यावर होत्या. इंदिरा गांधींची हत्या झाली ती त्याच दिवसांत, आणि अंत्ययात्रेच्या वेळी त्या दिल्लीत उपस्थित होत्या. आपल्याकडे त्या दौऱ्याची आठवण राहिली असली तर ती एवढ्यापुरतीच.

पाटीपेन्सिल

सर्वांचे आभार. ताईंचा प्रतिसाद मी विश्वस्तांना वाचून दाखवला; अर्धा मिनिट सगळे वाळूत थांबले तिथे आमचे एक विश्वस्त, जे स्वतः मुकादमाचे चिरंजीव आहेत, थोडा वेळ काही बोलले नाहीत.

आमचे असे ठरते आहे. बाईंना आधी पद देऊ करायचे नाही. जानेवारीतल्या एखाद्या साध्या वारी, कोणताही समारंभ नसताना, एक रात्र वसतिगृहावर राहायला या, असे पत्र द्यायचे. संध्याकाळी हजेरीची वही पाहावी, मुलांबरोबर भाकरी खावी आणि रात्री आठला ज्यांचे आईबाप फडावरून फोन करतात त्या वेळी तिथे बसावे. (चाळीस मुलांत दोन मोबाइल आहेत. रांग लागते आणि शेवटच्या पाच-सहा जणांचे बोलणे बहुधा राहून जाते, कारण तिकडच्या फोनची बॅटरी संपते.) त्यांना हे पाहून पुढे यावेसे वाटले तर हिशेबनीस म्हणतात तसा तीन वर्षांचा ठराव करू. एक शंका आहे: राजघराण्यातील पाहुण्यांना असे 'राहायला या' म्हणणे औचित्याला धरून होईल का?

टेम्सकाठ

माझ्या मते होईल, फक्त पत्रात सगळे आधीच लिहा. इथे अशा भेटीआधी यजमानांकडून मिनिटामिनिटाचा तपशील मागवला जातो, आणि त्यात कमीपणा कोणाला वाटत नाही. पाहुण्यांना कुठे उतरायचे, झोपण्याची सोय कशी आहे, शौचालय किती अंतरावर आहे, रात्री वीज जाते का, हे लिहा. छायाचित्रकार नसेल हेही स्पष्ट लिहा. त्यावर काय उत्तर येते यावरून पुढचे बरेचसे कळेल.

हिशेबनीस

आणि एक जास्तीचा मोबाइल घ्या. तो खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा ते मी सांगतो.